जपानला जाताय? मग कोणती बुद्धमंदिरे पाहाल?



आपल्या वस्त्यांतली मुले शिकली आणि त्यातली काही संगणकाच्या नोकरीत जपानपर्यंत पोचली. तोक्यो शहराच्या एदोगावा भागात, निशी-कासाई स्टेशनच्या आसपास, भारतीय कुटुंबांची चांगलीच वस्ती झाली आहे. मुलगा-सून बोलावतात आणि आई-वडील निघतात. जन्मभर गिरणीत, रेल्वेत, महापालिकेत राबलेली ही माणसे. फंडातल्या पैशांना हात घालून तिकीट काढलेले असते आणि पुन्हा जाणे होईल अशी खात्री नसते. बुद्धाला मानणारा देश डोळ्यांनी पाहावा ही मनातली इच्छा. पण हाती पडते ती टूर कंपनीची यादी : आठ दिवस आणि वीस मंदिरे.

परवा विहारात एका ताईंनी अशीच यादी आमच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "भाऊ, यातली बुद्धाची किती ते सांगा. आणि माझ्या गुडघ्यांना झेपतील अशी किती, तेही सांगा."

प्रश्न अगदी रास्त आहे. आमचे मत असे की वीस मंदिरे पाहू नयेत. सहा-सात पाहावीत, पण प्रत्येक ठिकाणी दोन-तीन तास द्यावेत. खर्चाचाही विचार करा. चौघांनी दिवसात तीन मंदिरे पाहिली आणि तिकीट सरासरी ६०० येन धरले, तर ७२०० येन नुसते दारातच जातात.

मंदिर कोणाचे, ते आधी पाहा

आमच्याकडून झालेली चूक प्रथम सांगतो. क्योतोला पहिल्याच दिवशी आम्ही फुशिमी इनारीला गेलो. डोंगरावर एकामागे एक हजारो शेंदरी कमानी, जागोजागी दगडी कोल्हे. आम्ही चपला काढल्या, हात जोडले आणि त्रिसरण-पंचशील म्हटले. सोबतची मुलगी सगळे होईपर्यंत गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, हे बुद्धाचे नाही. ही इनारीची जागा. भाताच्या पिकाची देवता आहे ती."

जपानमध्ये दोन वेगळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात. एक बौद्ध आणि दुसरी शिंतो, म्हणजे तिथल्या मूळच्या देवदेवतांची. ओळखायची खूण सोपी आहे. नावाच्या शेवटी 'जी', 'देरा' किंवा 'इन' असेल तर ते बहुधा बौद्ध मंदिर. 'जिंजा', 'जिंगू', 'ताइशा' असेल तर शिंतो. दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया अशी कमान दिसली की ते बहुतेक शिंतो देवस्थान. जपानी नकाशात बौद्ध मंदिराची खूण उलट्या वळणाच्या स्वस्तिकाची असते. शिंतो ठिकाणी लोक टाळ्या वाजवून नमस्कार करतात, बुद्धापुढे मात्र नुसते हात जोडून वाकतात. पत्रकात फुशिमी इनारी, मेइजी जिंगू, मियाजिमाची समुद्रातली कमान अशी नावे 'मंदिर' म्हणूनच छापलेली असतात. पाहायला सुंदर आहेत, हरकत नाही. पण धम्मयात्रा म्हणून दिवस मोजत असाल तर ती बाजूला काढा.

शेकडो वर्षे हे दोन्ही एकाच आवारात मिसळलेले होते. १८६८ साली नव्या सरकारने दोन्ही वेगळे करण्याचा हुकूम काढला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हजारो बौद्ध मंदिरे बंद पडली किंवा मोडली गेली. मूर्ती फोडल्या, ग्रंथ जाळले. कार्ल्याच्या चैत्यापुढे एकवीरेचे देऊळ पाहिलेल्या आपल्या वाचकांना या गोष्टीचे मर्म निराळे समजावून सांगायला नको.

आत गणपती भेटला तर?

बौद्ध मंदिरात गेलो म्हणजे सारे आपल्या विहारासारखे असेल, असेही समजू नका. ब्रह्मा तिथे बोन्तेन नावाने आहे, इंद्र ताइशाकुतेन नावाने. सरस्वती बेन्तेन होऊन हातात वीणेसारखे वाद्य घेऊन बसली आहे. तोक्योच्या आसाकुसा भागात मात्सुचियामा नावाचे एक मंदिर आहे, तिथे चक्क गणपती आहे. नाव कांगितेन. त्याला मोदक नव्हे, पांढरा मुळा वाहतात. भारतातून चीनमार्गे जे बौद्ध ग्रंथ गेले, त्यांच्याबरोबर ही मंडळी धम्माचे रक्षक म्हणून गेली आणि तिथेच राहिली.

शिंगोन आणि तेन्दाई पंथांच्या मंदिरांत 'गोमा' नावाचा विधी चालतो. लाकडे पेटवून त्यात आहुती देतात. शब्द आपल्याकडच्या 'होम' या शब्दावरूनच गेलेला आहे. नारिता विमानतळाजवळच्या नारितासान मंदिरात हा विधी रोज होतो आणि विमानाला वेळ असला की टूरवाले तिथे हमखास नेतात. शिवाय दारात ताईत विकायला असतात, परीक्षेचा वेगळा, बाळंतपणाचा वेगळा, मोटार चालवण्याचा वेगळा. नशिबाच्या चिठ्ठ्याही असतात.

ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ज्यांच्या आजी-आजोबांनी १९५६ साली घरातले देव पाण्यात सोडले, त्यांनी इथे काय करावे? आम्ही थांबून पाहिले, माहिती विचारली, पण हात जोडले नाहीत. कोणी रागावले नाही. आमच्यातल्या एका बाईंनी नातवाच्या दहावीसाठी ताईत घेतला. त्यांना आम्ही काही बोललो नाही, पण घरी आल्यावर नातूच बोलला.

आणखी एक धक्का मनाची तयारी असावी म्हणून सांगून ठेवतो. तिथले बहुतेक पुरोहित संसारी आहेत. १८७२ साली सरकारने भिक्खूंच्या लग्नावरची कायद्याची बंदी उठवली. आज बहुतेक मंदिरे बापाकडून मुलाकडे जातात आणि त्यांचे मुख्य काम अंत्यविधी व श्राद्धासारखे विधी हे असते. चीवरातला भिक्खू शोधत फिराल तर निराश व्हाल.

नारा : इथे पूर्ण दोन दिवस द्या

एवढे सगळे वगळून मग राहिले काय? आमच्या मते पहिले नाव नारा शहराचे. क्योतोहून आगगाडीने पाऊण तास लागतो. टूरवाले इथे अर्धा दिवस देतात, तो फार थोडा आहे.

किंतेत्सु नारा स्टेशनातून बाहेर पडताच कारंज्यावर एका भिक्खूचा पुतळा आहे. लोक त्याखाली एकमेकांची वाट पाहत उभे असतात. पुढे जाण्यापूर्वी तिथे थांबा. हे ग्योकी, जन्म ६६८, निर्वाण ७४९. त्या काळात भिक्खूंनी मठात राहून राजाच्या कल्याणासाठी सूत्रे म्हणावीत असा सरकारी नियम होता. ग्योकी मठ सोडून रस्त्यावर आले. गावोगाव धम्म सांगितला, लोकांना जमवून तलाव खोदले, कालवे काढले, पूल बांधले. सक्तीच्या कामासाठी राजधानीकडे पायी जाणारे मजूर वाटेत उपाशी मरत, त्यांच्यासाठी निवारे उभे केले. ७१७ साली दरबाराने त्यांचे नाव घेऊन त्यांच्यावर ठपका ठेवला. पण लोक त्यांच्यामागे होते. पुढे सम्राट शोमू यांनी महाबुद्धाची मूर्ती घडवायचे ठरवले, तेव्हा माणसे आणि पैसा जमवायला याच ग्योकींना बोलवावे लागले आणि ७४५ साली त्यांना भिक्खूसंघातले सर्वांत मोठे पद द्यावे लागले. भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारला आहे. तो ग्रंथ वाचलेल्या माणसाला या पुतळ्यापुढे दहा मिनिटे उभे राहावेसे वाटेलच.

तिथून वीस-पंचवीस मिनिटे चालले की तोदाई-जी. काशाचा महाबुद्ध सुमारे १५ मीटर उंच, म्हणजे आपल्या चार-पाच मजली चाळीएवढा, आणि तोही बसलेला. हा शाक्यमुनी गौतम नव्हे, महायानातला वैरोचन बुद्ध आहे. ७४३ च्या आज्ञेत सम्राटाने म्हटले होते की कोणी गवताची काडी किंवा मूठभर माती घेऊन आला, तरी त्याला कामात सामील करून घ्यावे. ७५२ साली मूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठापना झाली आणि तो कुंचला ज्याच्या हातात होता तो भिक्खू भारतातला होता. त्याचे नाव बोधिसेन. तो ७३६ मध्ये जपानला पोचला होता. कुंचल्याला लांब दोरी बांधली होती आणि जमलेल्यांनी ती धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याच्या कामात सर्वांचा हात लागला. ती दोरी नाराच्या शोसोइन भांडारात आजही जपलेली आहे.

मूळ मंदिर ११८० आणि १५६७ च्या लढायांत जळाले. आज दिसते ते १७०९ चे आहे आणि पहिल्याहून अरुंद आहे. तरीही आत शिरल्यावर मान वर करून पाहावे लागते. बाहेर शेकडो हरणे मोकळी फिरतात. आपल्याला लगेच सारनाथचे मृगदाव आठवते. पण तसा संबंध नाही, ती शेजारच्या कासुगा या शिंतो देवस्थानाची पवित्र हरणे मानली जातात. लहान मुलांच्या हातातला खाऊ मात्र सांभाळा.

दुसरा दिवस होर्यू-जीसाठी. नाराहून लोकल गाडीने दहा-बारा मिनिटे आणि पुढे थोडी चाल किंवा बस. राजपुत्र शोतोकू यांनी ६०७ च्या सुमारास हे स्थापन केले. इथला पाच मजली स्तूप आणि मुख्य सभागृह या जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी आहेत. सभागृहाच्या भिंतींवर जी चित्रे होती, त्यांची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या चित्रांशी करीत आले आहेत. २६ जानेवारी १९४९ रोजी आग लागून ती जळाली. आज आत दिसतात त्या नंतर काढलेल्या प्रतिकृती. जपानी लोक तेव्हापासून धडा शिकले आणि दर २६ जानेवारीला देशभरच्या मंदिरांत आग विझवण्याचा सराव करतात. इथल्या संग्रहालयातले तामामुशी देवघर चुकवू नका. भुकेल्या वाघिणीला आपला देह देणाऱ्या राजपुत्राची जातककथा त्याच्या एका बाजूवर रंगवली आहे. मुलांना ती कथा आधी सांगून ठेवा, म्हणजे चित्र ती स्वतःच ओळखतील.

वेळ उरला तर तोशोदाई-जी. समुद्र ओलांडण्याचे पाच प्रयत्न फसले, डोळे गेले, तरी सहाव्या खेपेस जपानला पोचून विनय शिकवणाऱ्या चिनी भिक्खू गांजिन यांचे हे ठिकाण, ७५९ चे. शांत आहे. गर्दी कमी.

तोक्यो आणि कामाकुरा

मुलाचे घर तोक्योत असेल तर सेन्सो-जी होणारच, आणि ते विनातिकीट आहे. सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात ६२८ साली कान्नोनची मूर्ती आली, अशी त्याची कथा. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, तिकडे जाता जाता बाईच्या रूपात दिसू लागलेला. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य मंदिर जळाले. आजचे १९५८ चे, सिमेंट-काँक्रीटचे. सकाळी लवकर जा, दहानंतर ते मंदिर कमी आणि बाजार जास्त असते.

कामाकुरासाठी एक दिवस जरूर काढा. तोक्योहून तासाभराचा प्रवास. उघड्या आकाशाखाली बसलेला अमिताभ बुद्ध, काशाचा, ११.३ मीटर उंच, १२५२ मध्ये घडवायला घेतलेला. मंदिराचे छप्पर वादळांत आणि भूकंपात गेले आणि पंधराव्या शतकापासून मूर्ती ऊन-पावसात आहे. थोडे जादा येन दिले की मूर्तीच्या पोटात शिरता येते. मुले खूश. याच आवारात श्रीलंकेचे जयवर्धने यांचे स्मारक आहे. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी धम्मपदातल्या वैरावरच्या गाथेचा आधार घेऊन जपानकडून युद्धाची भरपाई मागायचे नाकारले. टूरचा गाइड तिकडे नेत नाही, विचारून जा.

तिथून पायी जवळच हासे-देरा आहे. आत अकरा मुखांची कान्नोन, लाकडाची, नऊ मीटरहून उंच. पाहिली आणि आमच्यातल्या बोरिवलीकरांनी लगेच ओळखली, कारण कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात असाच अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. इथे पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी सावकाश चढावे.

क्योतो : काय गाळावे

किंकाकु-जी, म्हणजे सोनेरी महाल, आमच्या मते गाळला तरी चालेल. तळ्याच्या या काठावरून पाहायचा, आत जाता येत नाही. १९५० मध्ये एका तरुण भिक्खूने तो जाळला, आजचा १९५५ चा आहे. कियोमिझु-देराची चढण मोठी आणि गर्दी तर दादर स्टेशनाची. त्याऐवजी सांजूसांगेन-दो पाहा. सपाट जागा, सुमारे १२० मीटर लांब दालन आणि त्यात ओळीने उभ्या १००१ कान्नोन मूर्ती. फोटोला मनाई आहे, ते बरेच आहे.

आणि क्योतो स्टेशनपासून दहा मिनिटांवरचे हिगाशी होंगान-जी. तिकीट नाही. शिनरान (११७३ ते १२६३) यांच्या पंथाचे हे मुख्य ठिकाण. शिनरान यांना हद्दपार केले होते. त्यांनी लग्न केले, आणि शिकारी, किरकोळ व्यापारी अशा, त्या काळी हलक्या मानलेल्या माणसांना 'हेच आपण' म्हटले. मंदिर १८६४ मध्ये जळाले, १८९५ ला पुन्हा उभे राहिले. एवढ्या मोठ्या तुळया ओढताना दोरखंड तुटू लागले, तेव्हा देशभरच्या बायकांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे ५३ दोरखंड वळले गेले. त्यातला एक, ६९ मीटरचा, काचेआड गुंडाळून ठेवला आहे. त्यात काळे केस आहेत, तसे पांढरेही आहेत. आमच्यासोबतच्या सगळ्या बायका तिथे बराच वेळ बोलल्या नाहीत.

यादीत नसलेली दोन ठिकाणे

आता एक कडू गोष्ट. जपानमध्येही अस्पृश्यता होती. कातडी कमावणे, मेलेली जनावरे उचलणे अशी कामे करणाऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या. १८७१ मध्ये कायद्याने भेद रद्द झाला, मनातून गेला नाही. आणि त्यात बौद्ध मंदिरेही मागे नव्हती. मेल्यावर माणसाला धम्मनाम देतात, ते या लोकांना देताना त्यात 'जनावर' अशा अर्थाची अक्षरे घालून थडग्यावर कोरली. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या एका वरिष्ठाने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि मग पंथाला चूक मान्य करून अशा नावांचा शोध घ्यावा लागला. ज्या धम्माने आपल्याला माणूसपण दिले, त्याच धम्माच्या नावाने तिकडे हे झाले. वाचून वाईट वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही.

या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत 'सुइहेइशा' ही संघटना स्थापली. आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे मंदिरातच जन्मलेले, पुरोहिताचे चिरंजीव. बहुतेक अनुयायी शिनरान यांच्याच पंथाचे, तरी संघटनेने होंगान-जीला देणग्या देणे थांबवण्याची हाक दिली. नारा प्रांतातल्या गोसे गावी त्यांच्या चळवळीचे संग्रहालय १९९८ पासून आहे. वाकिगामी स्टेशनवर उतरून चालत जाता येते, आणि साइको यांचे साइको-जी मंदिर तिथेच आहे. छोटेसे, साधे. आम्हाला विचाराल तर सोनेरी महालाचा दिवस इथे द्यावा. जपानी वाचणारे कोणी सोबत असू द्या आणि सुटीचा वार आधी विचारून घ्या.

दुसरे ठिकाण कोयासान. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून गाडी, मग केबल कार. ८१६ साली कूकाई यांनी या डोंगरावर शिंगोन पंथाचे केंद्र उभारले. होमहवन इथे आहेच, ते वर सांगितले. पण इथल्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. परदेशी डोंगरावर, देवदाराच्या सावलीत बाबासाहेब दिसतात तेव्हा काय वाटते ते जाऊनच अनुभवावे.

केबल कारच्या वरच्या स्टेशनवरून बस सुटते. वाटेत लवकरच न्योनिन्दो, म्हणजे 'बायकांची ओवरी' लागते. १८७२ पर्यंत बायकांना डोंगरावर मनाई होती. त्यांनी वेशीवरच्या अशा ओवऱ्यांत थांबून बाहेरूनच नमस्कार करायचा. सात वाटांवर अशा ओवऱ्या होत्या, आता ही एकच उरली आहे. सूनबाई, लेकी बरोबर असतील तर इथे उतरा आणि मग सगळ्यांनी मिळून आत चालत जा. मुक्काम महाग पडतो, पण पहाटे निघाल्यास ओसाकाहून एका दिवसात परत येता येते. मंदिरे साडेचार-पाचला बंद होतात, हे ध्यानात ठेवा.

त्या ताईंनी यादीतल्या चौदा नावांवर पेनने काट मारली. कोयासान लिहून घेतले. गोसेचा दिवस मात्र सुनेला रजा मिळते का, यावर अडून आहे.